प्रथम फेरीत पाने टाकण्याविषयी

सोमवार, ५ फेब्रुवारी

चिरंजीव कन्येस, दंतशाळेतून आशीर्वाद.

तुझे कार्ड पावले. तीन वर्षे आणि दोन महिन्यांच्या अखंड मौनव्रतानंतर एखादी कन्या जन्मदात्यास जे पहिले वाक्य लिहिते, ते जतन करण्याजोगे असते. तुझे वाक्य पुढीलप्रमाणे: ‘पोकर, पहिली फेरी, हातात एक्का-राणी, आधीच्याने वाढवलंय, काय करायचं?’ वर संबोधन नाही, खाली स्वाक्षरी नाही. हस्ताक्षरावरून प्रेषक निश्चित केला.

तुझ्या आईने विचारले, “काय म्हणतेय?”

मी म्हणालो, “द्यूतशास्त्रविषयक पृच्छा आहे.”

“म्हणजे बरी आहे,” ती म्हणाली आणि पुन्हा इस्त्रीकडे वळली. तुमच्या कार्यशाळेतली मंडळी शनिवारी दुपारी पोकर खेळतात आणि पुढील महिन्यात स्पर्धा भरवणार आहेत, ही माहितीही तिनेच पुरवली. दर गुरुवारी तू तिला फोन करतेस आणि ती स्वयंपाकघराचे दार लावून घेते. माझा क्रमांक तुझ्या यंत्राने बहिष्कृत केलेला असल्यामुळे मला दाराबाहेर उभे राहून केवळ ‘हं’, ‘बरं’ आणि ‘जेवलीस का’ एवढे तीन उद्गार ऐकू येतात. त्यांच्या आधारे मी तुझे चरित्र रचत असतो. तू इस्पितळासाठी कृत्रिम डोळे रंगवतेस, हे असेच कळले. पिता कवळ्या घडवतो, कन्या नेत्र घडवते. दोघे मिळून अद्याप एक मुख पूर्ण करू शकलेलो नाही, ही गोष्ट अलाहिदा.

आता उत्तर. मी प्रत्येक विषयाचा आरंभ मुळापासून करतो, ही माझ्याविषयीच्या तुझ्या आईच्या तक्रारींपैकी तिसऱ्या क्रमांकाची तक्रार आहे. तरीही मुळापासूनच करतो.

प्रथम फेरीत प्रत्येकापुढे, समज, पंधराशेच्या चकत्या असतात. दोघांनी पाने न पाहता सक्तीचा भरणा करायचा: एकाने दहा, दुसऱ्याने वीस. म्हणजे टेबलाच्या मध्यभागी लुटण्यासारखे द्रव्य एकूण तीस. कोणताही शहाणा दरोडेखोर पंधराशेचे घर गहाण ठेवून तीसच्या तिजोरीवर धाड घालत नाही. प्रथम फेरीची समग्र नीती या एका वाक्यात आहे. उर्वरित सर्व टीका आणि भाष्य. घाई नाही. पाने टाकणे येथे अत्यंत स्वस्त आहे. पुढे भरणा वाढत जातो, तेव्हा वाट पाहणे महाग होते आणि धाडस परवडते, आरंभी उलट. आणि आरंभी हूल देऊ नये. हूल यशस्वी झाली तर तीस मिळतात, फसली तर खुर्ची जाते.

एक्का-राणी ही जोडगोळी दिसायला राजघराण्यातील, स्वभावाने कर्जबाजारी. आपल्या आधी बसलेल्याने पहिल्याच फेरीत आपणहून रक्कम वाढवली, तर त्याच्याकडे बहुधा एक्का-राजा किंवा मोठी जोडी असते. अशा वेळी राणीला नमस्कार करावा आणि पाने टाकावी. कोणीच वाढवले नसेल तर आपण वाढवावे. सर्वस्व मात्र पुढे ढकलू नये. कदापि.

हे तुला पूर्वीच सांगायला हवे होते, असे कोणी म्हणेल. तो वेगळा विषय.

दंतशाळाप्रमुख

ता. क. तुझी खुर्ची जागेवर आहे. सध्या तिच्यावर प्लास्टरचे अकरा जबडे वाळत ठेवले आहेत, ते हलवता येतात.

बुधवार, २१ फेब्रुवारी

चिरंजीव कन्येस,

दुसरे कार्ड पावले. या वेळी तीन वाक्ये! पत्रव्यवहार फोफावत आहे. ‘एक्का-राणी समजली. मधल्या जोड्यांचं काय? आणि त्या डागांचं काय?’

प्रथम प्रश्न प्रथम. अठ्ठ्या, नव्व्या, दश्श्या यांच्या जोड्या या मध्यमवर्गीय जोड्या होत. आपल्यासारख्या. मध्यमवर्गाने जसे प्रदर्शन पाहावे तशी त्यांनी पुढची पाने पाहावी: तिकीट स्वस्त असेल तर. वीस-चाळीस भरून टेबलावर मांडली जाणारी पहिली तीन सामाईक पाने पाहून घ्यायची. त्यांत आपल्या जोडीचे तिसरे पान आले, तर समोरच्याला कळायच्या आत त्याचे निम्मे राज्य आपले होते. न आले, तर निमूट उठून यायचे. पण पाने उघडण्यापूर्वीच कोणी मोठी रक्कम लावली, किंवा सर्वस्व पुढे सरकवले, तर दश्श्यांची जोडीसुद्धा टाकावी. माणूस पहिल्या फेरीत सर्वस्व लावतो तेव्हा तो बहुधा खरे बोलत असतो. आणि आपल्याकडे वेळ भरपूर आहे, उद्याही पाने येणार आहेत. मी स्वतः दश्शी-दश्शी टाकली असती. टाकीनच. हे लेखी देतो.

आणखी एक. कोठे बसलो आहोत, हे पाहून खेळावे. जो सर्वांत आधी बोलतो त्याला इतरांचे मनोगत ठाऊक नसते, म्हणून त्याने उत्तमच पाने घेऊन बोलावे. जो शेवटी बोलतो त्याला सर्वांचे ऐकून घेता येते. संसारात तुझी आई शेवटी बोलते, ही योजना सहेतुक आहे.

द्वितीय प्रश्न. तो डागांचा. ते मी पेशन्स खेळत असताना पडलेले आहेत, असे मी तेव्हाही सांगितले होते. एकट्याने पत्ते लावत बसण्याची सवय मला पूर्वीपासून आहे. दुपारपर्यंत कवळीचे गुलाबी मेण हाताळायचे, हात पुरते धुवायचे नाहीत आणि पत्त्यांना लावायचे, हा माझा अस्वच्छपणा मी मान्य करतो. त्याबद्दल क्षमस्व.

दंतशाळाप्रमुख

बुधवार, ६ मार्च

माझे पत्र मला परत मिळाले. सोबत चिठ्ठी नाही. पत्रातील फक्त ‘पेशन्स’ हा शब्द तू अधोरेखित केला आहेस, आणि तोही बारीक कुंचल्याने, तपकिरी रंगात. कृत्रिम बुबुळाचा रंग असावा. काम सुबक आहे.

ते पत्र हातात घेऊन मी सकाळी बराच वेळ कामाच्या टेबलाशी बसलो होतो. तुझी आई चहा घेऊन आली, तिने अधोरेखन पाहिले आणि म्हणाली, “अहो, एकदाचं खरं सांगून टाका. कवळ्या करता म्हणून बोलणंही खोट्या दातांनीच करायचं का?”

हे वाक्य तिने आयत्या वेळी रचले असेल असे वाटत नाही. तीन वर्षे जपले असावे.

तर खरे सांगतो. यात संस्कृत कमी येईल.

तू अकरा वर्षांची होतीस. रविवारच्या टेबलावर तुला नुकतेच घेतले होते. आत्या, मामा, भूगोलाचे मास्तर, मी आणि तू. चकत्या मीच केल्या होत्या, हिरड्यांसाठीच्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकच्या दहाच्या आणि दातांच्या पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या वीसच्या. जो प्रथम बाद होईल त्याने सर्वांच्या कपबश्या धुवायच्या. सलग चार रविवार तू प्रथम बाद झालीस. रडली नाहीस. रडली असतीस तर बरे झाले असते. तू स्टूल ओढून मोरीशी उभी राहायचीस आणि पाच कप अशा काळजीने धुवायचीस, की जणू कप चांगले धुतले तर पुढच्या रविवारी पत्ते चांगले येतील.

पाचव्या रविवारी तू वाढवलेस. माझ्या हातात राजांची जोडी होती. मी टाकली.

एवढेच करायचे होते. एकदाच. पण तू जे हसलीस ते पाहून मी पुढच्या रविवारीही टाकली, आणि मग अकरा वर्षे टाकत राहिलो. या खेळात टाकलेले पान कोणी उलटून पाहायचे नाही असा आपल्या टेबलाचा नियम आहे. तो मीच केला होता. त्याच्यासारखी सोयीची तिजोरी जगात नाही. तू वाढवायचीस, मी टाकायचो. तू सर्वस्व पुढे सरकवायचीस, मी ‘छे, आज पानंच नाहीत’ म्हणून हळहळायचो. मामा आणि मास्तर भित्रे आहेत, त्यांना काही शिकवावे लागले नाही. आत्याची नजर तिखट आहे, तिला सगळे दिसत होते. तिने एकदा मला बाजूला घेऊन विचारले, “तू मुलीला खेळायला शिकवतोयस की जिंकायला?” मी म्हणालो, दोन्हींत भेद काय. त्या वेळी मला ते उत्तर चतुर वाटले होते.

तू हे शिकलीस: आधी जोर लावला की समोरचा पळतो. बावीस वर्षांच्या वयापर्यंत तुझ्या अनुभवात याला अपवाद नव्हता. अपवाद मी तुला भेटूच दिला नाही.

मग ती मोठी स्पर्धा. तू कामावरून रजा काढलीस, मी तुला सोडायला आलो. सभागृहात प्रेक्षकांना प्रवेश नव्हता म्हणून बाहेरच्या बाकावर बसलो. मी एक चहा घेतला. तो अर्धा संपायच्या आत तू बाहेर आलीस. वीस मिनिटे. तू म्हणालीस, “एक्का-राणी होती. त्याने वाढवलं होतं. मी सगळं लावलं. तो पळालाच नाही.” तुझ्या आवाजात हरल्याचे दुःख नव्हते, आश्चर्य होते. गुरुत्वाकर्षण बंद पडल्यासारखे. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “नशीब असतं गं.”

ते नशीब नव्हते. ते शिक्षण होते, आणि शिक्षक बाकावर चहा पीत बसला होता. बाकावर असतानाच मला ते कळले होते आणि मी ‘नशीब’ म्हणालो.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तू सराव करायला जुना पत्त्यांचा जोड काढलास. दिव्याखाली एकेक पान धरलेस. एक्के, राजे, राण्या यांच्या कोपऱ्यांवर गुलाबी अंगठे होते. दुर्री, तिर्री, चव्वी कोऱ्या. तू विचारलेस, “हे काय?” मी म्हणालो पेशन्स. तू म्हणालीस, “पेशन्समध्ये दुर्रीला हात लावावा लागत नाही का?” आणि मग, फार हळू: “बाबा, मी डावात असताना तुमच्या हातातला राजा कधी उघडा झालेला मी पाहिलेला नाही. मग राजांवर तुमचा अंगठा आला कुठून?”

वाईट पान माणूस चटकन टाकतो. चांगले पान टाकायचे असेल तर अंगठा त्यावर जरा रेंगाळतो. मला हे ठाऊक नव्हते. अकरा वर्षे मी स्वतःच्या गुन्ह्यावर स्वतःच्या हाताने ठसे उमटवत होतो.

तरी मी दुसऱ्यांदा पेशन्सच म्हणालो. तू आत्याला विचारलेस, तिने खरे सांगितले, आणि पुढच्या आठवड्यात तू नोकरी शोधून निघून गेलीस. आत्याशी तू बोलतेस, माझ्याशी नाही. हा न्याय योग्य आहे. पाने टाकल्याबद्दल तू कदाचित क्षमा केली असतीस. विचारल्यावर खोटे बोललो, ते माफ झाले नाही.

पेशन्स मला खेळता येत नाही. कधीच येत नव्हते.

रविवार, २१ एप्रिल

चिरंजीव कन्येस,

सहा आठवडे काही आले नाही. या काळात मी एका निवृत्त गायकासाठी वरची कवळी तीनदा करून तीनदा मोडली. तो म्हणतो, ‘स’ नीट लागत नाही. मला वाटते त्याचा ‘स’ पूर्वीही लागत नसावा, पण आता दोष देण्यास दात उपलब्ध आहेत.

आज आत्या आली ती तुझे कार्ड घेऊन. तिने ते टेबलावर सर्वांसमक्ष वाचले, न्यायालयात आरोपपत्र वाचतात तसे. ‘माझी खुर्ची असेल तर मला एका डावाची पानं वाट. पोस्टाने पाठव. माझी बोली मी पोस्टाने कळवीन. पिसायचं तू. बाबांनी पत्त्यांना हात लावायचा नाही.’

मामा म्हणाला, “पोस्टाने पोकर? दाजी, हा डाव संपेपर्यंत माझी पेन्शन सुरू होईल.” औषधांचे दुकान चालवणाऱ्याला पेन्शन कोण देणार हे त्याने स्पष्ट केले नाही.

आत्याने पिसले. मास्तरांनी कापले. दहाचा भरणा मामाकडे आला, वीसचा माझ्याकडे. त्यामुळे सर्वप्रथम बोलण्याचा मान तुझा. प्रत्येकाची दोन पाने पाकिटात घालून तोंडे चिकटवण्यात आली. तुझे पाकीट आत्याने पर्समध्ये ठेवले. मी म्हणालो, “दे, मी टाकतो पेटीत, वाटेतच आहे.”

आत्या म्हणाली, “तुझ्या हातात दिलं तर पोचेपर्यंत त्यात दोन एक्के निघतील. मी टाकते.”

टेबलावर हशा पिकला. मीही हसलो. मामाने आमची चार पाकिटे आणि उरलेला जोड माझ्या पोलादी कपाटात ठेवला आणि किल्ली तुझ्या आईला दिली. ती म्हणाली, “मला यातलं काही कळत नाही, म्हणून किल्ली माझ्याकडे.” आम्ही कोणीही आपापली पाने पाहिलेली नाहीत. तुझी बोली आल्यावरच पाहायची, असे ठरले.

जबडे खुर्चीवरून हलवले. तुझ्या जागी पंधराशेच्या चकत्या मांडून ठेवल्या आहेत. धूळ बसू नये म्हणून वर कप उपडा घातला आहे.

दंतशाळाप्रमुख

रविवार, ५ मे

चिरंजीव कन्येस,

आज दुपारी तीन वाजता पाकिटे उघडली. जे घडले ते क्रमाने निवेदन करतो, कारण या डावात माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे तुला काहीही कारण नाही.

आत्याने तुझे कार्ड वाचले. त्यावर दोनच शब्द होते: ‘सगळं पुढे.’

मग आत्याने उपडा कप उचलला आणि तुझ्या पंधराशेच्या सगळ्या चकत्या हाताच्या आडव्या कडेने मध्यभागी लोटल्या. मास्तर म्हणाले, “पहिल्याच डावात?” त्यांचा आवाज वर्गात कोणी शाई सांडल्यासारखा झाला होता.

आत्याने आपली पाने पाहिली आणि टाकली. मास्तरांनी पाने पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली आणि टाकली. मामा पाकीट उघडण्याआधीच म्हणाला, “पॅक.”

“अरे, बघ तरी,” आत्या म्हणाली.

“बघून मोह होतो.”

उरलो मी. मी पाकीट फोडले. इस्पिक दश्शी आणि चौकट दश्शी.

सगळे माझ्याकडे पाहत होते. तुझी आई दारात उभी होती, जिला यातले काही कळत नाही.

माझी अडचण समजून घे. शास्त्र स्वच्छ आहे: पहिली फेरी, सर्वप्रथम बोलणाऱ्या खेळाडूने सर्वस्व लावलेले, हातात मधली जोडी. टाकावी. हे मी तुला फेब्रुवारीत लेखी दिले आहे. परंतु मी टाकतो याचा या टेबलावर एकच अर्थ आहे, आणि तो गेली चौदा वर्षे एकच आहे. उलट बरोबरी करून मी पंधराशे लावले, तर आत्या म्हणेल, सुधारला. तुलाही कदाचित तसेच वाटेल. म्हणजे तुला बरे वाटावे म्हणून चुकीचे खेळायचे. ते तर मी अकरा वर्षे करत आलोच आहे. फक्त आता उलट्या हाताने.

मामा म्हणाला, “दाजी, चहा निवतोय.”

मी किती वेळ घेतला ते मला सांगता येणार नाही. आत्या म्हणते चहा पुन्हा गरम करावा लागला. मी तुझ्या दोन शब्दांकडे पाहत होतो. अक्षर स्थिर होते. तुझ्याकडे एक्के असतील, राजे असतील, असे मी स्वतःला सांगितले. आणि एकदा, अगदी एकदाच, असेही वाटले की नसतील. पण वाटण्यावर पंधराशे लावत नाहीत. पहिली फेरी आहे. वेळ भरपूर आहे.

मी म्हणालो, “पॅक.”

आत्याने मान खाली घातली. मास्तर खिडकीबाहेर भूगोल पाहू लागले. तुझी आई स्वयंपाकघरात परत गेली, आणि भांड्यांचा जो आवाज आला तो मला उद्देशून होता.

मग मी दोन्ही पाने उलटी करून टेबलावर ठेवली, आकडे वर.

आत्या म्हणाली, “टाकलेलं पान दाखवायचं नाही. नियम आहे.”

मी म्हणालो, “नियम माझा आहे, आणि त्याच्या आडून चोऱ्याही माझ्याच आहेत. आजपासून या टेबलावर मी टाकलेले प्रत्येक पान उघडे पडेल. बाकीच्यांना सक्ती नाही.”

आत्याने दश्श्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. “ही तू खरंच टाकलीस?”

“खरंच टाकली.”

“तिच्यासाठी नाही?”

“पंधराशेसाठी,” मी म्हणालो.

ती दोन पाने या पत्रासोबत पाठवत आहे. कोपऱ्यांवर ताजे गुलाबी ठसे आहेत. आज सकाळी गायकाच्या चौथ्या कवळीचे मेण लावत होतो. ठसे नेहमीपेक्षा मोठे आणि खोल आहेत, असे आत्याचे मत आहे. ते मी पुसलेले नाहीत. तुला तपासता यावेत.

डाव तू जिंकलीस. मामाचे दहा आणि माझे वीस. माझ्यावर विश्वास ठेव, असे लिहिणार नव्हतो, आणि लिहीत नाही.

दंतशाळाप्रमुख

गुरुवार, १६ मे

प्रिय मुली,

तुझे जाड पाकीट सकाळी आले. तुझी आई म्हणाली, “उघडा, मी बघत नाही,” आणि बघत उभी राहिली.

आधी माझ्या दोन दश्श्या निघाल्या, परत आलेल्या. मग तुझी दोन पाने. बदाम सत्ती. किलवर दुर्री.

या खेळातील बावन्न पानांतून याहून दरिद्री जोडगोळी निवडता येत नाही. जोडी नाही, रंग नाही, एकमेकांशी बोलायला दोघींमध्ये शेजारसुद्धा नाही. या पानांवर तू पंधराशे लावलेस. पहिल्या फेरीत. सर्वांच्या आधी बोलून. मी शास्त्रात जे जे करू नये म्हणून लिहिले होते ते सर्व तू एका डावात केलेस, आणि कार्डावर कारणही दिले आहेस: ‘दश्शीपर्यंतच्या जोड्या टाकीन, असं तुम्ही लेखी दिलं होतंत. मामा आणि मास्तर पळणारच होते. आत्याची भीती होती. बाबा, आता कळलं का?’

कळले. तीन वेळा वाचले, कारण त्यात ‘बाबा’ आहे.

मी आत्याला फोन केला. ती इतकी हसली की तिला फोन ठेवावा लागला. पुन्हा करून म्हणाली, “पोरीने तुझंच पत्र तुझ्यावर चालवलं रे.” मामाला सांगितले तर तो म्हणाला, “म्हणजे माझे दहा गेले ते सत्ती-दुर्रीला?” तो अजून सावरलेला नाही. मास्तरांनी वहीत लिहून घेतले.

मी सांगू का? तुझ्यापुढे जिंकणारी पाने मी शेकडो वेळा टाकली. पण ती जिंकणारी आहेत हे ठाऊक नसताना, हातातून सोडवत नसताना, हरलो असे वाटून टाकली ती पहिल्यांदाच. मला फसवण्यात आले आहे. सकाळपासून मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत आहे. गायकाला सांगितले तेव्हा त्याचा ‘स’ सुद्धा लागला.

तुझी स्पर्धा झाली, असे आई म्हणाली. कितवी आलीस ते तिने विचारले नाही, तिला विचारायचे असते हे कळत नाही. तू सांगशील तेव्हा सांग. सत्ती-दुर्री पुन्हा असे खेळू नकोस. निदान माझ्याखेरीज कोणासमोर.

सोबत तुझ्या तीसच्या चकत्या: एक गुलाबी, एक पांढरी. उरलेले पंधराशे तुझ्या जागेवरच ठेवले आहेत, कपाखाली. पुढच्या डावात वीसचा भरणा तुझा आहे. तो पोस्टाने केलास तरी चालेल.

आज गुरुवार. संध्याकाळी तुझा फोन येईल तेव्हा स्वयंपाकघराचे दार उघडे असेल. बिजागरी दुरुस्तीला काढली आहे. मी काढली.

तुझी पाने मी दिव्याखाली धरून पाहिली. जुनी खोड. दुर्री कोरी आहे. सत्तीच्या कोपऱ्यात एक तपकिरी ठसा आहे, बुबुळाच्या रंगाचा. अंगठा लहान आहे, ठसा गडद. हे पान बराच वेळ धरून ठेवलेले आहे, कार्ड पेटीत टाकण्यापूर्वी कदाचित काही दिवस.

त्याविषयी मी काही विचारणार नाही. पेशन्स खेळत असशील.

बाबा